काखेतला पहारा

मित्रांनो, मला तुम्ही कधी पाहिलेलं नाही आणि समोर आले तरी ओळखणार नाही. मोहरीच्या एका दाण्यावर माझ्यासारख्या हजारो जणी आरामात बसतील, एवढं माझं आकारमान. मी रंजूच्या रक्तातली एक म्हातारी पांढरी पेशी आहे. डॉक्टर लोक आमच्या जातीला टी पेशी म्हणतात. रंजू म्हणजे भंडारा जिल्ह्यातल्या कोंढ्याच्या पुढे, तलावाच्या पाळीला म्हणजे बांधाला लागून राहणाऱ्या श्यामलाल आणि बायाबाईची धाकटी मुलगी. तिच्या डाव्या काखेत एक बारीकशी गाठ आहे, तिथे माझा मुक्काम असतो. गाठ म्हटल्यावर घाबरू नका. अशा गाठी तुमच्याही अंगात आहेत, त्या आम्हा पहारेकरणींच्या चौक्या असतात.

काखेत राहून मला घरातलं सगळं ऐकू कसं येतं, असं विचारू नका. जे रंजूच्या कानावर पडतं ते मला कळतं, एवढं मान्य करा आणि पुढे चला. मला कहाणी सांगायची हौस नाही. माझ्या हातून एक चूक झाली आहे आणि ती माझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही, म्हणून बोलते आहे.

माझा जन्म रंजूच्या हाडातल्या मज्जेत झाला, ती तेव्हा आईच्या पोटातच होती. छातीच्या हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी असते, ती आमची शाळा. शाळा फार कडक. आपलं कोण आणि परकं कोण हे ज्यांना ओळखता येत नाही, त्यांना तिथून जिवंत बाहेर पडता येत नाही. शंभरातल्या दोन-चार पास होतात. मी झाले. आम्ही पेशी एकीच्या दोन, दोनाच्या चार होत जगतो. त्यामुळे आज बोलणारी मी ती मूळची की तिची पणती, हे मलाही नक्की सांगता येणार नाही. पण आठवण एकच आहे आणि चूकही एकच आहे, तेव्हा 'मी' म्हटलेलं चालेल.

रंजू जन्मली २००२ च्या जानेवारीत. गोंदिया भंडाऱ्यातून वेगळा जिल्हा होऊन तेव्हा तीन वर्षंही झाली नव्हती. दुसऱ्याच दिवशी नर्सबाईंनी तिच्या डाव्या दंडात बीसीजीची सुई टोचली. रंजूने घर डोक्यावर घेतलं. त्या सुईतून कमजोर केलेले जंतू आत आले, क्षयाच्या जंतूचे सावत्र भाऊ म्हणा. एका दूतपेशीने त्यांचा तुकडा उचलून काखेच्या चौकीत आणला आणि आम्हा सगळ्यांपुढे धरला. "हा चेहरा कोणाला ओळखता येतो?" हजारो जणींनी नकारार्थी माना हलवल्या. मला मात्र तो चेहरा पाहताच अंगावर काटा आला. ज्या शत्रूसाठी मी घडवली गेले होते, तो हाच. मग मी एकीच्या हजारो झाले आणि दंडाकडे धावले.

दीडेक महिन्याने रंजूच्या दंडावर फोड आला, त्यात पू झाला. बायाबाई घाबरली. नर्सबाई म्हणाल्या, "काही लावू नका, आपोआप सुकेल." सुकला. मागे मसुरीच्या डाळीएवढा डाग राहिला. लढाई संपली तशा माझ्या बहुतेक लेकी मरून गेल्या आणि आठवण जपणाऱ्या थोड्या जणी काखेच्या चौकीत परतलो. कधी रक्तातून एक फेरी मारायची आणि पुन्हा चौकीत येऊन बसायचं, हे आमचं काम ठरलं.

आता माझ्या कौतुकाचे दिवस सांगते. ते सांगताना मान खाली जाते, पण सांगितलं पाहिजे. रंजू दोन वर्षांची असताना श्यामलालचा चुलतभाऊ ताराचंद शेजारच्या खोलीत राहायला आला. तो सारखा खोकायचा. त्याचा मुलगा रंजूच्याच वयाचा, पण तो आई-बापाच्या कामाच्या ठिकाणी झोपडीत जन्मला होता आणि त्याची लस राहून गेली होती. दोघं दिवसभर एकाच सतरंजीवर खेळत. एक दिवस त्या मुलाला ताप भरला. मान ताठ झाली, झटके येऊ लागले. भंडाऱ्याला नेलं, आठव्या दिवशी तो गेला. टीबी मेंदूत शिरला होता.

जंतू रंजूच्याही अंगात शिरले होते. छातीतून निघून रक्तावाटे मेंदूकडे निघाले, तिथे आम्ही त्यांना गाठलं. रक्त म्हणजे माझ्या फेरीचाच रस्ता. रस्त्यातल्या चोराला पकडायला मी पुरेशी होते. डॉक्टरांनी रंजूला तपासलं, दंड पाहिला आणि बायाबाईला म्हणाले, "तुमच्या मुलीला या लसीनं वाचवलं."

झालं! त्या दिवसापासून बायाबाईने तो डाग देवघरात ठेवायचा तेवढा बाकी ठेवला. पाहुणा आला की रंजूची बाही वर जायची. "पाहा, हे माह्या पोट्टीचं कवच." असं म्हणत ती डागावरून अंगठा फिरवायची. तो खरखरीत, मासेमारीच्या जाळ्याच्या दोरीने चिरलेला अंगठा माझ्या चांगला ओळखीचा झाला. रंजूचा पाच वर्षांनी मोठा भाऊ भूपेश, त्याच्या दंडावर डाग नव्हता. त्याला लस दिली की नाही, हे कोणालाच आठवत नव्हतं. बायाबाई त्याला जरा खोकला आला तरी हळदीचं दूध पाजायची आणि रंजूला म्हणायची, "तुले का धाड भरली? तुझ्याजवळ डाग आहे." हे ऐकून मी फुगायचे. चौकीतल्या इतर पेशींसमोर मिरवायचे. आपण एकदा जिंकलो म्हणजे नेहमीच जिंकू, असं मला वाटू लागलं.

पुढे वर्षांमागून वर्षं गेली. मला कोणी हाक मारली नाही. रंजू पाचवीत गेली, आठवीत गेली, शिंगाड्याच्या दिवसांत बापाबरोबर डोंग्यात बसून तलावात जाऊ लागली. इकडे माझ्या लेकी एकेक करून कमी होत गेल्या. सर्दी, हिवताप, गोवर, सगळ्यांसाठी वेगळ्या पेशी धावायच्या आणि आम्ही जुन्या जणी चौकीत पेंगत असू. पंधरा वर्षांत आमची संख्या किती घटली हे मी कधी मोजलंच नाही. हे कोणाला कळवण्याची सोयही नव्हती. वर दंडावरचा डाग मात्र तसाच होता, जराही फिकट न झालेला. माणसं डाग पाहतात. आत किती उरल्या आहेत, हे त्यांना दिसत नाही.

२०१८ च्या दिवाळीनंतर श्यामलालला खोकला लागला. तो औषधांच्या दुकानातून बाटल्या आणायचा आणि "बिडीचा ठसका आहे" म्हणायचा. वजन उतरत चाललं, गालफडं बसली. दवाखान्यात जा म्हटलं की चिडायचा. ताराचंदच्या घराचं गावात टीबीचं घर म्हणून जे नाव झालं होतं, ते आपल्या घराचं होऊ नये असं त्याला वाटत होतं. त्यातच उन्हाळ्याच्या मासेमारीसाठी मोठं जाळं विणायचं होतं. या घराची एक रीत आहे. जाळं दोघांनी विणायचं, एकाने दोरा ताणून धरायचा आणि दुसऱ्याने गाठी मारायच्या. आणि ज्या जोडीने सुरू केलं, त्याच जोडीने संपवायचं. मधे हात बदलला तर जाळ्याला मासा लागत नाही, असं श्यामलालचा बाप सांगून गेला होता.

जोडीदार भूपेश असायला हवा होता. तो दोरा घेऊन बसायलाही आला होता. त्याची बायको ललिता तेव्हा गरोदर होती आणि बाळंतपणासाठी माहेरी जायची तयारी चालली होती. बायाबाई दारात उभी होती.

"भूपेश, तू ऊठ," ती म्हणाली. "रंजू, तू बस तुझ्या बाबूपाशी."

"काहून माय? माहा अकरावीचा अभ्यास आहे ना."

"रोज घंटाभर बसायचं. तुझे बोटं बारीक आहेत, गाठी बरोबर बसतेत."

असं म्हणून ती रंजूजवळ आली. खांद्यावरचं काहीतरी झटकल्यासारखं करून तिने बाही थोडी वर सारली आणि डागावर अंगठा टेकवला. क्षणभरच. रंजूला काही कळलं नाही. मला कळलं. बायाबाईला नवऱ्याच्या खोकल्याचा संशय आला होता. दोन लेकरांपैकी एकाला त्याच्या पुढ्यात बसवायचं होतं आणि तिने माझ्या भरवशावर रंजूला निवडलं होतं. मी तेव्हा ओरडायला हवं होतं. पेशीला तोंड नसतं हे खरं. पण खोटं कशाला बोलू, मला तर त्या अंगठ्याचा अभिमानच वाटला.

तीन महिने बाप-लेक गुडघ्याला गुडघा लावून बसले. खोलीला एकच खिडकी, थंडीमुळे तिच्यात पोतं कोंबलेलं. श्यामलाल खोकायचा, तोंड बाजूला वळवायचा, पण खोली एवढीशी. घंटाभराचे दोन-तीन तास व्हायचे. मधूनमधून तो म्हणायचा, "तुझा हात तर माह्यापेक्षा चांगला बसून राहिला बेटा." रंजू खूश व्हायची आणि आणखी जवळ सरकून गाठ दाखवायची.

जंतू श्वासातून थेट तिच्या फुप्फुसात उतरले. तिथे भक्षक पेशी असतात, मोठ्या खादाड. समोर येईल ते गिळतात. त्यांनी हे जंतूही गिळले. पण हा जंतू पोटात गेला तरी मरत नाही, उलट तिथेच बिऱ्हाड करतो. भक्षक पेशीला तो पचवता यावा म्हणून माझी गरज असते. मी जवळ जाऊन माझं रसायन सोडलं की तिच्या अंगात बळ येतं. हे माझं खरं काम आणि त्यासाठीच मला जन्मापासून पोसलं होतं.

आणि मी कुठे होते? काखेत. माझं शिक्षण दंडाच्या कातडीत टोचलेल्या सुईवर झालेलं. फुप्फुसाच्या आत वस्ती करून राहायला मला कोणी शिकवलं नव्हतं आणि मीही कधी तिकडे जाऊन पाहिलं नव्हतं. जंतूंनी भक्षक पेशींची तोंडं दाबून ठेवली, त्यामुळे हाकही उशिरा आली. हाक ऐकून उठले, तेव्हा तीन आठवडे उलटून गेले होते. धावले, पण सोबत मूठभर लेकी. पुन्हा एकीच्या दोन होत सैन्य जमवायला आणखी दिवस गेले. पोचले तेव्हा आतमध्ये जंतूंची वाडी वसली होती.

एक गोष्ट सांगायची हिंमत होत नाही, तरी सांगते. पुढचे काही महिने आम्ही जी झटापट केली, त्यात रंजूच्या फुप्फुसाचा तुकडा सडून गळून पडला. तिथे पोकळी झाली. ती पोकळी एकट्या जंतूंनी पाडलेली नाही. आमच्या आंधळ्या माऱ्यानेही ती पडली. जिला वाचवायचं, तिच्याच छातीत मी खड्डा केला.

जून-जुलैपासून रंजू खोकू लागली. त्याच सुमारास ललिता तीन महिन्यांची मुलगी घेऊन माहेरून परतली. सगळे तिला छकुली म्हणत. रंजू तिला दिवसभर कडेवर घेऊन फिरायची, छातीशी धरून झोपवायची, तिच्या नाकाला नाक लावून हसवायची. कोणी अडवलं नाही. डाग होता ना! रंजूच्या प्रत्येक खोकल्यासरशी जंतू बाहेर पडत होते आणि समोर ते इवलंसं तोंड असायचं. मी आतून पाहत होते आणि मला काहीच करता येत नव्हतं.

पोळ्याच्या आठवड्यात रंजूच्या थुंकीत रक्त दिसलं. गावच्या आशा कार्यकर्त्या उषाबाई तांदूळ निवडायच्या वेळी घरी आल्या.

"किती दिवसांपासून खोकलून राहिली तू?"

"दीड-दोन महिने झाले असतीन."

"अन् बाबू?"

आतून श्यामलालच्या खोकल्याचा आवाज आला, तेच उत्तर झालं.

दोघांची थुंकी तपासली. दोघांनाही टीबी निघाला. दुसऱ्या दिवसापासून दोघांच्या गोळ्या सुरू झाल्या. लघवी लालसर व्हायची, मळमळायचं, तरी रंजूने एक दिवस चुकवला नाही. तिला ओसरीवर वेगळी खाट टाकून दिली होती. तोंडाला ओढणी बांधून ती तिथे बसायची. छकुली तिला पाहून हात पसरायची आणि ती तोंड फिरवून घ्यायची. त्या गोळ्यांनी जंतू मारायला सुरुवात केली तेव्हा मला हायसं वाटलं आणि लाजही वाटली.

पण खरा प्रश्न छकुलीचा होता. उषाबाईंनी तिला दवाखान्यात नेऊन तपासून आणलं. आजार नव्हता. मात्र जंतू आत जाऊन झोपलेले असू शकतात, म्हणून रोज अर्धी गोळी, सहा महिने द्यायची, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. उषाबाई ओसरीवर बसून ते समजावत होत्या. ललिताने मुलीला पदराखाली घट्ट धरलं.

"धडधाकट लेकराले टीबीची गोळी कायले देता व बाई? तिले जन्मल्याबरोबर लस टोचली आहे. हे पाहा, डाग बी आला."

"लस टोचली हे चांगलंच झालं," उषाबाई म्हणाल्या. "मेंदूचा टीबी ते अडवते. पण घरात दोन दोन पेशंट असल्यावर तेवढ्यावर राहता येत नाई."

"अन् गोळीनं लेकराचं काही झालं तर?" भूपेश म्हणाला. "कोण जिम्मा घेईन?"

उषाबाई पाकीट ठेवून गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या, तिसऱ्या दिवशी आल्या. पाकीट फळीवर जसंच्या तसं होतं. रंजू ओसरीवरून रोज त्या फळीकडे पाहायची. तिचं काळीज धडधडायचं ते मला काखेत ऐकू यायचं. तिसऱ्या दिवशी उषाबाई जायला उठल्या, तेव्हा बायाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली. आजारपण निघाल्यापासून ती कोणाशी धड बोलत नव्हती. तिने फळीवरचं पाकीट घेतलं आणि ललितासमोर धरलं.

"दे लेकराले."

"पण आई, डाग..."

"डागाचं नाव काढू नको माह्यासमोर!" बायाबाई एवढ्या जोराने ओरडली की छकुली दचकून रडू लागली. मग ती खाली बसली. "रंजूले कोणं बसवलं बाबूपाशी? मीनंच बसवलं. मले शक होता त्याईच्या खोकल्याचा. भूपेशच्या दंडावर डाग नाई, त्याचं लेकरू होणार होतं, म्हणून त्याले उठवलं अन् हिचा डाग पाहून हिले बसवलं. रोज बसवलं. तीन महिने."

भूपेश मान खाली घालून उभा राहिला. दारात श्यामलाल आला होता, तो तिथेच चौकट धरून थांबला. ओसरीवर रंजू हे पहिल्यांदाच ऐकत होती. मला वाटलं आता ही रडेल, नाहीतर आईला बोल लावेल. ती मात्र ओढणी नीट करून म्हणाली,

"जाऊ दे माय. तुले का मालूम होतं?"

मित्रांनो, बायाबाईला मालूम नव्हतं, हे अगदी खरं. डॉक्टरांनी एकदा सांगितलेलं एक वाक्य तिने पंधरा वर्षं जिवापाड धरून ठेवलं होतं. मला मात्र मालूम होतं. मी काखेत आहे, फुप्फुसात नाही, हे मला मालूम होतं. माझ्या लेकी कमी झाल्या आहेत, हेही कळायला हवं होतं. आईने जी चूक सर्वांसमोर आपल्या पदरात घेतली, तिच्यातली अर्धी माझी होती. रंजूने आईला माफ केलं. मला कोण करणार? माझा गुन्हा तर कोणाला ठाऊकच नाही.

ललिता उठली. अर्धी गोळी दोन चमच्यांमध्ये दाबून बारीक केली, दुधात कालवली. छकुलीने पहिला घोट थुंकून टाकला, सगळ्यांकडे रागाने पाहिलं आणि दुसरा गिळला. सहा महिने तो कार्यक्रम रोज चालला. कधी ललिता विसरली तर बायाबाई आठवण करून द्यायची आणि भूपेश खिडकीतलं पोतं काढून टाकायचं काम आधीच करून बसला होता. रंजूचं औषध पूर्ण झालं. छकुली चांगली आहे, रांगायची ती आता धावते. श्यामलालला दम लागतो, तो डोंगा वल्हवत नाही, पण आहे. रंजूच्या फुप्फुसात जिथे पोकळी होती तिथे आता वण आहे. माझ्या काही लेकी काख सोडून आता तिथेच कायमच्या राहतात. आधी राहिल्या असत्या तर, असं रोज मनात येतं. आमच्या जातीला सुरुवातीपासूनच फुप्फुसात वसवता येईल का, याचा शोध शास्त्रज्ञ घेत आहेत म्हणे. त्यांना लवकर यश येवो.

तोवर माझं एवढं ऐका. लस टोचून घ्या, बाळांना वेळेवर टोचा. ती नसती तर रंजू दोन वर्षांची असतानाच गेली असती. पण आमच्यावर सगळा भार टाकून निर्धास्त होऊ नका. दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला तर तो बापाचा असो की बहिणीचा, लाजू नका, थुंकी तपासून घ्या. खिडकी उघडी ठेवा. गोळी दिली तर शेवटच्या दिवसापर्यंत घ्या. आम्ही म्हाताऱ्या होतो, झोपतो, चुकतो.

छकुलीच्या काखेतही माझ्यासारखी एक पेशी आहे. वयाने लहान आहे आणि डागाचं कौतुक ऐकून फुगली असेल. तिला जाऊन हे सगळं सांगावं असं फार वाटतं. पण एका अंगातून दुसऱ्या अंगात आम्हांला जाता येत नाही, जंतूंना तेवढं जाता येतं. म्हणून तुम्हांला सांगितलं.